गॅस भरून घेण्याआधी फ्रिजचं तापमान आठवडाभर लिहून काढा

प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका ताईंकडे सहा वर्षांचा डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आहे. दूध दुसऱ्या दिवशी नासतं, आइस्क्रीम अधूनमधून मऊ पडतं. दारावरच्या डिस्प्लेवर मात्र कायम ४ अंश दिसतात. दाराच्या कप्प्यात ठेवलेला डिजिटल थर्मामीटर सकाळी ३ आणि संध्याकाळी ११ दाखवतो. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झालाय. गौरी-गणपतीला ही मंडळी फ्रिज बंद करून, दार उघडं ठेवून चार दिवस गावी गेली होती. परतल्यावर आठ-दहा दिवस फ्रिज छान चालला, मग पुन्हा तेच सुरू झालं. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असतं. गॅस भरावा का, तापमान नक्की कसं मोजायचं आणि कायम लक्ष ठेवायला काय घ्यावं, असं त्या विचारतात.

ताई, आत्ता गॅस भरून घेऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता सांगितली आहे: फ्रिज चार दिवस बंद होता आणि त्यानंतर आठ-दहा दिवस नीट चालला. गॅस गळला असेल तर तो चार दिवसांत परत येत नाही. नळीत ओलावा गोठून चोकअप झाला असेल तर तो बंद ठेवल्यावर सुटतो हे खरं, पण फ्रिज चालू केल्यावर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पुन्हा लागतो. आठ-दहा दिवस तो थांबत नाही. बंद ठेवल्याने तुमच्या फ्रिजमध्ये बदललं ते एकच असू शकतं, आतला साचलेला बर्फ वितळला. तुम्हाला बर्फ दिसत नाही, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तो फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिक पॅनेलच्या पाठीमागे असतो.

या फ्रिजमध्ये थंडी तयार होण्याची जागा बहुधा एकच असते, त्या पॅनेलमागची कूलिंग कॉइल. तिच्यावरून पंखा हवा फिरवतो. बरीचशी हवा फ्रीझरमध्येच घुमते आणि थोडी एका झडपेतून, म्हणजे डॅम्परमधून, खालच्या कप्प्यात उतरते. हवेतला ओलावा कॉइलवर गोठत राहतो, म्हणून दिवसातून एक-दोनदा कॉइलखालचा हीटर लागतो आणि बर्फ वितळवतो. ते पाणी मागच्या नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाऊन वाळतं. हीटर जळला, बायमेटल (तापमानानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) बिघडलं, फ्यूज गेला, किंवा हीटरला चालू हो म्हणणारा टायमर, सेन्सर वा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, गेला, की बर्फ वितळत नाही. रोज थोडा थोडा वाढतो. आठवडा-दोन आठवड्यांत कॉइल बर्फाने भरते आणि हवेचा रस्ताच बुजतो. आधी खालचा कप्पा गरम होतो, कारण त्याच्या वाट्याला मुळातच कमी हवा असते. मग फ्रीझर मऊ पडू लागतो. तुमच्याकडे हाच क्रम दिसतोय.

तरीही हा माझा अंदाज आहे. न पाहिलेल्या फ्रिजबद्दल याहून जास्त खात्रीने बोलणं बरं नाही. अंदाज पक्का करायला तुमच्याच हातात एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे तापमानाची नोंद. एक आकडा नव्हे, आठवडाभराची चाल. डॉक्टर जसा तापाचा तक्ता बघून ताप चढतो कधी, उतरतो कधी हे शोधतो, तसाच फ्रिजचा बिघाड त्याच्या चढउतारात सापडतो. पुण्यात किती फ्रिजमध्ये गॅसची गरज नसताना गॅस भरला जातो, हे मी रोजच्या कामात पाहतो. भरल्यावर पहिले काही दिवस फ्रिज चालतोही, कारण त्या दुरुस्तीसाठी तो बराच वेळ बंद होता, उघडा होता आणि बर्फ वितळला होता. गिऱ्हाईकाला वाटतं गॅसने काम केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा दूध नासतं.

आता मोजण्याकडे वळू. आधी डिस्प्लेचं सांगतो. दारावरचा ४ हा आकडा बहुतेक मॉडेलमध्ये तुम्ही ठरवून दिलेलं तापमान असतो, आतलं प्रत्यक्ष तापमान नव्हे. ज्यांत प्रत्यक्ष दिसतं, त्यांतही ते एका सेन्सरच्या जागेपुरतंच असतं. त्यामुळे त्या ४ वर विसंबू नका.

तुमचा थर्मामीटर चुकत नसेल, पण त्याची जागा चुकली आहे. दाराचा कप्पा ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा. दार उघडलं की स्वयंपाकघरातली हवा पहिल्यांदा तिथेच लागते. शिवाय उघडा थर्मामीटर हवेचं तापमान मोजतो आणि हवा क्षणात बदलते. दूध, आमटी, भाजी यांचं तापमान एवढं पटकन हलत नाही, आणि आपल्याला काळजी त्यांचीच आहे. म्हणून मधल्या फळीवर, बरोबर मध्यभागी, पेलाभर पाणी ठेवा आणि थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, त्यात बुडवा. वायरवाला प्रोब घ्या. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दोन-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. घेताना किमान आणि कमाल आकडा लक्षात ठेवणारा बघून घ्या, कारण रात्री तीन वाजता काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही. वायर बिजागरीच्या बाजूने, रबराखालून बाहेर काढा आणि तिथे फट राहत नाही ना हे बोट फिरवून पाहा. पहिला आकडा रात्रभर थांबून सकाळी, दार उघडण्याआधी घ्या.

फ्रीझरमध्ये दुसरा प्रोब लागेल. तो मटारच्या किंवा खोबऱ्याच्या दोन गोठलेल्या पिशव्यांच्या मध्ये दाबून ठेवा. भिंतीला किंवा हवेच्या जाळीला टेकवू नका. बॅटरीवरचं अख्खं यंत्र फ्रीझरमध्ये ठेवत असाल तर एक लक्षात घ्या: उणे १८ अंशांत साध्या अल्कलाइन बॅटरीचा जोर फार कमी होतो आणि पडद्यावरचे आकडे सुस्त होतात. लिथियमचा सेल जास्त टिकतो. म्हणूनच मला यंत्र बाहेर आणि प्रोब आत ही रचना आवडते. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी वापरू नका. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान बघतो आणि चकचकीत स्टीलच्या डब्यावर तर साफ चुकीचा आकडा देतो.

वापरायच्या आधी दोन्ही प्रोब तपासून घ्या. पेला बारीक फोडलेल्या बर्फाने भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, प्रोब मधोमध धरा आणि तीन-चार मिनिटं थांबा. ० यायला हवं. १ आला तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून १ वजा करायचा. स्वस्त थर्मामीटरमध्ये अर्धा-एक अंशाचा फरक चालतो, तो किती आहे हे फक्त माहीत हवं.

लक्ष्य काय धरायचं? खालच्या कप्प्यात पाण्याचं तापमान २ ते ५ अंशांमध्ये, शक्यतो ४ च्या आसपास. आपल्याकडे अन्नसुरक्षेचे नियमही थंड ठेवायच्या पदार्थांसाठी ५ अंश किंवा त्याखाली असंच सांगतात. फ्रीझरमध्ये उणे १८. सिंगल डोअर डायरेक्ट कूल फ्रिज असणाऱ्यांनी मात्र उणे १८ चा हट्ट धरू नये. त्यातल्या बर्फाच्या छोट्या कप्प्यांची क्षमता वेगवेगळी असते. कप्प्यावर तारे छापलेले असतील तर एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. एक-दोन तारेवाल्या कप्प्यात महिनोन् महिने मटार साठवणं योग्य नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता वहीचं काम. सात दिवस, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री झोपताना दोन्ही कप्प्यांचा आकडा, किमान-कमाल आणि शेजारी एक ओळ: पाहुणे आले, पीठ ठेवलं, वीज गेली, बाजार भरला. ही शेवटची ओळ टाळू नका. तिच्याशिवाय आकडे मुके असतात. इडलीचं पीठ, उकळून कोमट झालेलं दूध, पातेलंभर आमटी असं एकदम आत गेलं की तापमान चढणारच. ३ लिटर दूध ३० अंशांवरून ४ वर आणायला साधारण ३३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ० अंशाच्या १ किलो पाण्याचा बर्फ करायलाही जवळपास तेवढीच लागते. फ्रिजला याला काही तास लागतात आणि त्या काळातला ८ अंशांचा आकडा हा बिघाड नव्हे.

फ्रीझरची नोंद करताना दिवसातून एक-दोनदा तापमान अर्ध्या तासासाठी अचानक वर जाऊन परत खाली आलेलं दिसेल. उघड्या हवेत प्रोब असेल तर उणे १८ वरून उणे आठ-दहापर्यंतही आकडा जाऊ शकतो. घाबरू नका, हीटर लागल्याची ती खूण आहे. तुमच्या बाबतीत तर ही खूण दिसते का नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. म्हणून दोन दिवस फ्रीझरचा प्रोब मुद्दाम पिशव्यांच्या बाहेर, हवेत ठेवून बघा. दोन दिवसांत एकही असा उंचवटा आला नाही, तर हीटरचं काम थांबलंय या संशयाला मोठा आधार मिळतो.

मग एक प्रयोग करा, तुम्ही नकळत केलेलाच, पण ठरवून. सामान शेजारी हलवा, प्लग काढा, दोन्ही दारं २४ तास उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल आणि परात ठेवा. पॅनेलमागचा बर्फ वितळायला खरंच एवढा वेळ लागतो. दोन तासांत होत नाही. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर यांनी बर्फ खरवडू नका. कॉइलची अ‍ॅल्युमिनियमची नळी नाजूक असते. ती फुटली की खरोखरचं गॅसचं काम निघतं, आणि हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये असलेला आर-६०० ए हा गॅस पेट घेणारा आहे. याच कारणाने हेअर ड्रायर किंवा हीटर आत धरून बसण्याच्याही मी विरोधात आहे. पंख्याचा झोत पुरे.

दुसऱ्या दिवशी फ्रिज रिकामा चालू करा, फ्रीझर उणे १८ आणि खालचा कप्पा ४-५ वर आला की सामान भरा आणि वही सुरू ठेवा. तो पूर्ण थंड झाला, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही आपलं काम करताहेत. मग पाचव्या-सातव्या दिवसापासून खालच्या कप्प्याची सकाळची नोंद ४, ५, ६, ८ अशी सरकत गेली आणि फ्रीझर मात्र अजून उणे १६-१७ धरून असेल, तर डिफ्रॉस्टचा दोष ठरला. मेकॅनिकला तुम्ही हीटर, बायमेटल, फ्यूज आणि सेन्सर मीटर लावून तपासायला सांगू शकता. याचे सुटे भाग गॅस भरण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतात, पीसीबी गेला असेल तर गोष्ट वेगळी.

इतर चाली कशा दिसतात तेही सांगतो, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाचा बिघाड हाच नसेल.

फ्रीझर पक्का, पण खालचा कप्पा पहिल्या दिवसापासून ९-१० वर अडलेला, आणि बर्फ वितळवूनही फरक नाही: हवेचा रस्ता बघा. पंखा फिरतोय का, डॅम्पर उघडतोय का. पण त्याही आधी जाळीसमोर लावलेला कोथिंबिरीचा डबा काढा. आपल्याकडे फळ्यांवर प्लास्टिकच्या जाड मॅट अंथरतात, त्या खालीवर फिरणारी हवा अडवतात. त्या काढून टाकल्याने दोन-तीन अंश उतरलेले मी पाहिलेत. आणखी एक जागा फार फसवी आहे. बऱ्याच डबल डोअर फ्रिजमध्ये दोन बटणं असतात, त्यातलं फ्रीझरचं बटण प्रत्यक्षात हवेची वाटणी ठरवतं. आइस्क्रीम घट्ट व्हावं म्हणून ते शेवटपर्यंत फिरवलं की खालच्या कप्प्याची हवा तुटते आणि दूध नासायला लागतं. आधी ते बटण मध्यावर आणा आणि २४ तास थांबा. बटण हलवलं की लगेच दुसऱ्या तासाला आकडा बघून परत हलवायची घाई नको.

दोन्ही कप्पे गरम आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही: इथे गॅसचा संशय रास्त आहे. पण त्याआधी कंडेन्सर, म्हणजे फ्रिजची उष्णता बाहेर टाकणारी नळी, बघा. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असते, तिच्यावर धूळ आणि तेलाचा थर बसतो. नव्यांत ती नळी बाजूच्या पत्र्यात दडलेली असते, म्हणून फ्रिजच्या बाजू गरम लागतात. त्या गरम लागायलाच हव्यात. फ्रिज कपाटाच्या कोनाड्यात ठोकून बसवला, वरून शोभेचं कव्हर बाजूंवर सोडलं, की ही उष्णता जाणार कुठे? दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं तरी जागा सोडा, जास्त सोडता आली तर उत्तम. उलट, कॉम्प्रेसर तासन् तास चालू, तरी बाजू थंडगार आणि पॅनेल उघडल्यावर कॉइलच्या फक्त पहिल्या काही वेढ्यांवर बर्फ, बाकी कोरड्या, अशी स्थिती असेल तर गॅस कमी आहे हे मी मान्य करीन. तेव्हाही नुसता गॅस भरणं हे काम नव्हे. गळती शोधणं, ती बंद करणं, ड्रायर फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम काढणं आणि मग वजनावर मोजून गॅस भरणं, हे काम. आर-६०० ए ला तर मोजकेच ग्रॅम लागतात, त्यात अंदाजपंचे चालत नाही. आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तो सतत चालतोय याचीच चिंता करू नका. कमी वेगाने बराच वेळ चालणं हीच त्याची पद्धत आहे. तिथे निकाल आकड्यांवर.

दोन्ही कप्पे गरम, आणि मागून दर थोड्या मिनिटांनी 'टक्' असा आवाज: कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जपणारा स्विच, त्याची वीज तोडतोय. दोष रिलेचा (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोडचा, नाहीतर घरातल्या व्होल्टेजचा. उन्हाळ्यात सगळ्या बिल्डिंगचे एसी चालू झाल्यावर संध्याकाळीच असं होत असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्या.

रात्री ४ आणि दुपारी-संध्याकाळी ९: यंत्रापेक्षा जागेचा आणि वापराचा दोष जास्त संभवतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फ्रिज ड्राय बाल्कनीत ठेवायची पद्धत वाढली आहे. पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिल-मे महिन्यात, बाहेर ४० अंश असताना, त्यावर थेट ऊन येतं. फ्रिजच्या मागच्या पाटीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. टी असेल तर तो भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत, एसटी असेल तर ३८ पर्यंतच चालायला बनवलेला आहे. उन्हात तापलेल्या कोपऱ्यात यापेक्षा जास्त होऊ शकतं. पडदा लावा, जमल्यास जागा बदला. याच बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटं घडतं. बाहेर १० अंश असताना खालच्या कप्प्याला थंडीची गरजच उरत नाही, कॉम्प्रेसर कमी लागतो आणि ज्या फ्रिजमध्ये एकाच थर्मोस्टॅटवर दोन्ही कप्पे चालतात तिथे फ्रीझर मऊ पडतो. नेमकं मटार साठवण्याच्या दिवसांत.

दाराचं रबरही या चालीत येतं. नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी बघा. पुष्कळदा रबर फाटलेलं नसतं, खाचांमध्ये साय आणि सरबत चिकटून ते कडक झालेलं असतं. कोमट साबणपाण्याने पुसा.

खालच्या कप्प्यात आकडा ० च्या खाली, मागची भाजी काळी पडते, दही गोठतं: डॅम्पर उघडाच अडकलाय किंवा सेन्सर चुकीचं वाचतोय. हा बिघाड लोक दुर्लक्षित करतात, फ्रिज जोरात चालतोय म्हणून खूशही असतात. तुमच्या घरात इन्सुलिन आहे, म्हणून मी याबद्दल कडक बोलणार आहे.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. थोडा वेळ ११ अंश लागले म्हणून ते लगेच वाया जात नाही, पण गोठलं तर ते टाकून द्यायचं, वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरीही. तेव्हा ते मागच्या भिंतीला आणि हवेच्या जाळीसमोर कधीच नको, फ्रीझरखालच्या ट्रेमध्येही नको, आणि दारातही नको. मधल्या फळीवर, पुढच्या भागात, झाकणाच्या डब्यात ठेवा. पाण्याच्या पेल्यातला प्रोब त्या डब्याला लागूनच ठेवा, म्हणजे तोच आकडा औषधाचाही होईल. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत काही आठवडे घरच्या तापमानाला चालतं. किती आठवडे आणि किती अंशांपर्यंत, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा. सध्याचा साठा या चढउतारातून गेला आहे, तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा आणि दुरुस्ती होईपर्यंत नवा साठा शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. हे आज करा, वही उद्यापासून.

कायमचं लक्ष ठेवायला काय घ्यावं? तुमच्यासाठी दोन प्रोबचा, बाहेर पडदा आणि अलार्म असलेला थर्मामीटर पुरेसा आहे. अलार्म खालच्या कप्प्यासाठी ८ वर आणि २ च्या खाली, फ्रीझरसाठी उणे १० वर लावा. प्रोब पाण्यात असेल तर दार उघडण्याने तो उगाच वाजणार नाही. हवेत असेल तर दिवसभर वाजेल, आणि चार दिवसांनी तुम्ही तो बंद करून टाकाल. असे बंद केलेले अलार्म मी घरोघरी पाहतो.

मोबाइलवर दिसणारे सेन्सर चांगले आहेत, पण ब्लूटूथचा सिग्नल फ्रिजच्या पत्र्यातून नीट बाहेर येत नाही. घेण्याआधी दार बंद करून शेजारच्या खोलीत तपासा. वायफायच्या सेन्सरची अडचण निराळी. वीज गेली की राउटरही जातो आणि ज्या वेळी निरोप यायला हवा नेमका त्याच वेळी येत नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, किंवा स्वतःच्या आत नोंद साठवणारा लॉगर घ्या, म्हणजे निदान मागून तरी कळेल. घरात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेलं कुणी असेल तर डीएस१८बी२० हा सेन्सर वापरून स्वतः बनवता येतो. उणे ५५ पर्यंत तो वाचतो आणि उणे १० च्या वर अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावलात तर कॉम्प्रेसर आणि हीटर कधी लागतात तेही दिसेल, पण तो १६ अँपिअरचाच घ्या आणि मोबाइलवरून चुकून बंद होणार नाही अशी सोय आहे ना, ते बघा.

विजेबद्दल. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. बंद दाराआड फ्रिजचा कप्पा साधारण ४ तास थंड राहतो. पूर्ण भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास धरतो असं सांगतात, पण ते उणे १८ वर असलेल्या, चांगल्या भरलेल्या मोठ्या फ्रीझरचं गणित आहे. आपल्या डबल डोअरच्या वरच्या कप्प्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. बुधवारी रात्री रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, थंडी जास्त वेळ टिकते. बाटली काठोकाठ भरू नका. गुरुवारी दार उघडायचं नाही, 'थंड आहे का बघू' म्हणूनही नाही. त्यासाठीच प्रोब बाहेर वाचता येतो.

गावाला जाताना फ्रिज चालू ठेवून जाणार असाल तर एक बिनखर्चाची खूण ठेवा. वाटीभर पाणी गोठवा, वर एक रुपया ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर काही झालं नाही. तळाशी गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आणि गोठलेलं दिसतंय म्हणून मासे-मटण वापरू नका. वीज येईपर्यंत पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा तो ४ अंशांखाली असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरते. फ्रीझरमधल्या थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त वाढ थांबते. वितळल्यावर ते पुन्हा कामाला लागतात.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा वही समोर ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: डिफ्रॉस्टचा हीटर मीटरवर किती दाखवतो, पॅनेल उघडल्यावर कॉइलवर बर्फ सगळीकडे आहे की एकाच कोपऱ्यात, आणि गॅस कमी असेल तर गळती कुठे सापडली. पॅनेल उघडलं की मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पॅनेल न उघडता, मीटर न लावता गॅस सांगितला तर त्या दिवशी काम करून घेऊ नका. बर्फ वितळवल्यावर सात दिवसांनी वहीतले आकडे आणि तो फोटो मला पाठवा, म्हणजे नक्की कोणता भाग गेला असावा ते सांगता येईल.